चाकांवरचे कपाट : अवजारपेट्यांची साठवण आणि किडींपासून संरक्षण
(तंजावरच्या त्रिभुज प्रदेशाच्या निमित्ताने)

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मेट्टूर धरणाचे पाणी परंपरेने १२ जूनला सोडले जाते आणि त्यावर कुरुवई भाताचा हंगाम उभा राहतो. हा भात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणीला येतो, त्याच सुमारास ईशान्य मोसमी पावसालाही सुरुवात होते. शासकीय खरेदीसाठी भातातील ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. पावसाने गाठलेल्या वर्षी ती शिथिल करावी, अशी विनंती तमिळनाडूला केंद्र शासनाकडे करावी लागते. अशा दिवसांत गावातील ओलावामापक यंत्र एक-दोन टक्क्यांनी चुकले, तर एखाद्या शेतकऱ्याचा माल खरेदी केंद्रावरून परत फिरतो किंवा ओला भात सुका समजून पोत्यांत भरला जातो व थप्पीत बुरशी आणि सोंडे माजतात.

ही नाजूक यंत्रे कामाच्या दिवसांपेक्षा बिनकामाच्या महिन्यांत अधिक खराब होतात. गोदामाच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, एकावर एक रचलेल्या पेट्यांत ती पडून राहतात. फवारणी पंपाचे नोझल व वॉशर, कलमांचे चाकू, माती परीक्षण संच, सूक्ष्मदर्शक, ड्रिल व ग्राइंडर या सर्वांची हीच कथा आहे. हंगाम सुरू झाल्यावर पेटी उघडावी, तर अस्तर कुरतडलेले, माहितीपत्रक कसरीने खाल्लेले आणि पात्यांवर गंज चढलेला आढळतो. अवजार बँक, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा कृषी विज्ञान केंद्र चालविणाऱ्यांसाठी अवजारपेट्यांचे कपाट हा म्हणूनच गांभीर्याने घेण्याचा विषय आहे. ते विकत घ्यावे की बनवून घ्यावे, कशाचे असावे आणि त्याला चाके का असावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात प्रामुख्याने कीटकशास्त्राच्या अंगाने केला आहे.

पेटीचे शत्रू ओळखा

साठवणीच्या जागेत आढळणाऱ्या किडींचे उपाय परस्परांहून भिन्न आहेत. त्यामुळे नुकसान दिसताच औषध मारण्याआधी खुणा वाचाव्यात.

भिंतीवर किंवा कपाटाच्या पायावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर ती जमिनीत वसाहत करणारी वाळवी होय. आपल्याकडे सर्वत्र आढळणारी ओडोन्टोटर्मिस ओबेसस ही वारूळ करणारी जात याच गटातली. हिच्या कामकरी वाळवीचे अंग मऊ असते व उघड्या कोरड्या हवेत ती तग धरत नाही. म्हणून जमिनीपासून अन्नापर्यंत मातीचा झाकलेला मार्ग बांधूनच ती ये-जा करते.

कपाटाखाली खसखशीसारखे, सहा कडा असलेले बारीक दाणे साचलेले दिसले, तर ती कोरड्या लाकडातील वाळवी, म्हणजे क्रिप्टोटर्मिस गटातील जात समजावी. किनारपट्टीच्या दमट प्रदेशात तिचा उपद्रव विशेष असतो. तिला जमिनीशी संपर्काची गरज नसते, संपूर्ण वसाहत लाकडाच्या आतच राहते.

लाकडाला एक ते दोन मिलिमीटरची गोल छिद्रे आणि खाली मैद्यासारखी मऊ भुकटी आढळली, तर ते लिक्टस गटातील भुंगेरे होत. त्यांच्या अळ्या रुंदपर्णी झाडांच्या बाहेरील फिक्या लाकडातील पिष्टावर जगतात. छिद्रे थोडी मोठी व भुसा किंचित भरड असल्यास सायनॉक्सिलॉन गटातील भुंगेऱ्यांचा संशय घ्यावा. या किडींचे वैशिष्ट्य असे, की अंडी लाकडात आधीच घातलेली असतात आणि भुंगेरे कपाट घरात आल्यावर कित्येक महिन्यांनी बाहेर पडतात. नवे कपाट निर्दोष दिसले तरी पहिले वर्षभर त्यावर लक्ष ठेवावे लागते ते यामुळेच.

कसर व पुस्तकी उवा कागद, खळ, सुती कापड आणि बुरशी यांवर जगतात. पुस्तकी उवांचा उपद्रव हे जागा दमट असल्याचे लक्षण मानावे. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६० टक्क्यांच्या खाली ठेवली तर त्यांची वाढ आपोआप खुंटते. झुरळे आणि उंदीर पेट्यांचा उपयोग आसऱ्यासाठी करतात. उंदीर रबरी नळ्या व विजेच्या तारा कुरतडतात, तर झुरळांची विष्ठा यंत्राच्या सर्किटवर ओल धरून ठेवते.

तंजावरचा जुना अनुभव

दमट हवेत नाशवंत वस्तू शतकानुशतके कशा टिकवाव्यात, याचे उत्तम उदाहरण तंजावर शहरातच आहे आणि त्याचा मराठीशी जवळचा संबंध आहे. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तेथे भोसले घराण्याची सत्ता होती. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ताडपत्रे, कागदी हस्तलिखिते आणि मराठा दरबाराचे मोडी लिपीतील दप्तर तेथे जतन केलेले आहे.

तमिळ देशातील आणि आपल्याकडील जुन्या दप्तरखान्यांची पद्धत कीटकशास्त्राच्या कसोटीला उतरणारी होती. कागद कापडी रुमालात घट्ट बांधले जात, त्यामुळे धूळ व कीटक सहज आत शिरत नसत आणि कापड हवेतील ओलाव्याचे चढउतार काही प्रमाणात शोषून घेई. सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवली जाई. वेखंडातील असारोन या द्रव्याचा साठवणुकीतील किडींवर प्रतिकूल परिणाम होतो, हे प्रयोगांनी दाखवून दिलेले आहे. ताडपत्रांना गवती चहाचे तेल लावले जाई. पण या सर्वांहून महत्त्वाची होती ती ठरावीक काळाने दप्तर सोडून, झटकून, पाहून पुन्हा बांधण्याची शिस्त. वेखंडाचा वास काही महिन्यांत उडून जातो. दर वेळी दप्तर उघडल्याने किडीच्या निवांतपणाचा भंग होतो.

अवजारांच्या कपाटासाठी यातून घ्यायचा बोध हाच आहे. साठवणीतील बहुतेक किडी अंधार, ओल आणि निश्चलता या तिहींच्या आश्रयाने वाढतात. यांपैकी निश्चलता घालवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे चाके.

चाके का हवीत?

भिंतीला टेकलेले जड कपाट वर्षानुवर्षे हलत नाही. त्याच्या मागे व खाली झाडू पोहोचत नाही, ओल टिकून राहते आणि वाळवीला मार्ग बांधायला भिंतीचा आडोसा मिळतो. कपाट धातूच्या चाकांवर जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर उचललेले आणि भिंतीपासून तितकेच दूर असेल, तर वाळवीला चाकावरूनच उघड्यावर मार्ग बांधावा लागतो. आठवड्यातून एकदा कपाट हातभर जरी सरकवले, तरी तो मार्ग तुटतो आणि तुटलेली माती आपल्या नजरेस पडते. चाक हे अशा रीतीने अटकाव आणि टेहळणी अशी दोन्ही कामे करते.

मात्र चाकांची मर्यादाही ध्यानात ठेवावी. कोरड्या लाकडातील वाळवी व भुंगेरे लाकडासोबतच येतात, त्यांच्यावर चाकांचा काहीही परिणाम होत नाही. त्यासाठी लाकडाची निवड व प्रक्रिया हाच उपाय आहे. तसेच जमिनीत वाळवीची वसाहत असल्यास इमारतीचे वाळवी-प्रतिबंधक उपचार भारतीय मानक आयएस ६३१३ नुसार प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावेत. कपाटाच्या आत कीटकनाशक शिंपडू नये, कारण तीच अवजारे पुढे उघड्या हातांनी हाताळली जातात.

पूरप्रवण भागात चाकांचा आणखी एक लाभ होतो. पाणी चढण्याची सूचना मिळताच भरलेले कपाट उतरणीच्या फळीवरून ओट्यावर नेता येते. एकेक पेटी वाहून नेण्यास त्या वेळी सवड नसते.

विकत घ्यावे की बनवावे?

बाजारात तयार मिळणाऱ्या टूल ट्रॉलीचे खण पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर अशा सुट्या हत्यारांसाठी बेतलेले असतात आणि उथळ असतात. ड्रिल, ओलावामापक किंवा माती परीक्षण संचाच्या प्लास्टिकच्या पेट्या मुठीसकट त्यांत मावत नाहीत. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी प्रत्येक पेटीची लांबी, रुंदी व उंची मोजून घ्यावी. मूठ आणि कडी धरूनच माप घ्यावे, बाजूंना किमान २० व वर ३० मिलिमीटर मोकळीक ठेवावी. पेटी बाहेर काढून उघडायची की खणातच उघडायची, हेही आधी ठरवावे. खणातच उघडायची असल्यास खण पूर्ण बाहेर येणारे टेलिस्कोपिक चॅनेल लागतात व खर्च वाढतो.

सुटी हत्यारे अधिक, फरशी गुळगुळीत आणि कपाट एकाच खोलीत फिरणार असेल, तर तयार पोलादी ट्रॉली घेणे श्रेयस्कर ठरते. तिला किडीचा धोका नाही, कुलूप असते व ती लगेच कामाला येते. खरेदी करताना पत्र्याची जाडी, खण पूर्ण भरून उघडल्यावर होणारी हालचाल आणि चाके स्वतंत्र बदलता येतात की नाही, हे पाहावे. एका वेळी एकच खण उघडण्याची सोय असल्यास कपाट पुढे कलंडण्याचा धोका टळतो.

आपल्याकडे ‘गोदरेज’ या सर्वसामान्य नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंच पोलादी कपाटाला नंतर चाके बसवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. त्याच्या तळाचा पत्रा चाकांचा एकवटलेला भार पेलण्यासाठी केलेला नसतो आणि उंचीमुळे ते उंबऱ्यावर अडखळून कोसळू शकते.

पेट्या विविध आकारांच्या असतील, तर गावातील फॅब्रिकेटरकडून सांगाडा करून घेणे अधिक उपयुक्त आहे. बेकरीत पावाचे ट्रे ठेवण्याची चाकांची घोडी असते, तीच कल्पना येथे वापरता येते. चौकोनी लोखंडी नळीचा सांगाडा करावा आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर, समान अंतरावर अँगलच्या पट्ट्यांच्या जोड्या लावाव्यात. त्यांवर एकाच मापाच्या फळ्या किंवा ट्रे सरकवावेत. लहान पेटीसाठी एक जोडी सोडून, मोठीसाठी दोन-तीन जोड्या सोडून फळी बसवली की झाले. उद्या नवे यंत्र आले तरी कपाट बदलावे लागत नाही.

हा विचार कीटक-संग्रहालयांत फार पूर्वीच रुजलेला आहे. तेथील सर्व खण एकाच मापाचे असतात आणि कोणताही खण कोणत्याही कप्प्यात जातो. संग्रह वाढला, वर्गीकरण बदलले, तरी कपाटे तीच राहतात. अवजार बँकेनेही एकच माप ठरवून सर्व कपाटांना ते लागू करावे. दोन गावांतील केंद्रांनी समान माप स्वीकारल्यास भरलेले ट्रेच परस्परांत देता-घेता येतात.

लाकूड वापरायचे असल्यास

सागाचे आणि फणसाचे पक्के गाभ्याचे लाकूड वाळवीला चांगला प्रतिकार करते. तंजावरची प्रसिद्ध वीणा फणसाच्याच लाकडातून घडवली जाते. कोकणातही हे लाकूड परिचित आहे. परंतु टिकाऊपणा गाभ्याच्या गडद लाकडाचा असतो. बाहेरचे फिके लाकूड सागाचे असले तरी किडीला बळी पडते. आंबा आणि रबर यांच्या लाकडात भुंगेऱ्यांचा प्रादुर्भाव सहज होतो, म्हणून ते प्रक्रियेविना वापरू नये.

प्लायवूड घेताना आयएसआय चिन्ह व मानक क्रमांक पाहावा. आयएस ७१० हे सागरी वापराचे, उकळत्या पाण्यालाही टिकणारे प्लायवूड होय. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराचे असून त्यात ओलावारोधक व उकळत्या पाण्याला टिकणारा, असे प्रकार येतात. दमट गोदामासाठी यांपैकी केवळ ओलावारोधक प्रकार पुरेसा नाही. फळीच्या कापलेल्या कडा रंगाने किंवा पट्टीने पूर्ण बंद कराव्यात, कारण ओल व कीड दोन्ही तेथूनच शिरतात.

साध्या लाकडासाठी बोरिक आम्ल व बोरॅक्स यांचे १ : १.५ प्रमाणातील द्रावण हे परिणामकारक आणि तुलनेने सुरक्षित परिरक्षक आहे. लाकूड कापून, छिद्रे पाडून झाल्यावर, जोडणीपूर्वी ही प्रक्रिया करावी. हे क्षार पाण्याने धुऊन जातात, म्हणून वाळल्यावर वरून रंग किंवा वॉर्निश आवश्यक आहे.

येथे तंजावर जिल्ह्यातील एका प्रसंगाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर धडकले आणि पट्टुकोट्टै-पेरावूरणी परिसरातील नारळबागा मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडल्या. कोकणातही वादळानंतर असेच चित्र दिसते व पडलेल्या खोडांचे फळ्या, कपाटे, मांडण्या करता येतील का, असा प्रश्न पुढे येतो. नारळाला खरा गाभा नसतो. जुन्या झाडाच्या खालच्या भागातील बाहेरचे लाकूड घट्ट व उपयोगी असते, तर मधला भाग मऊ असून लवकर कुजतो. म्हणून जुन्या झाडांच्या बुंध्याकडील बाहेरच्या फळ्याच निवडाव्यात, त्या तातडीने चिरून वाळवाव्यात व त्यांवर बोरॅक्सची प्रक्रिया करावी.

उरलेली खोडे बागेत पडू देणे हा मात्र मोठा धोका आहे. कुजणाऱ्या खोडांत गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात. पुढे त्याचे प्रौढ भुंगे उभ्या झाडांचे कोंब पोखरतात आणि त्या जखमांतून सोंड्या भुंग्याला प्रवेश मिळतो. वादळातून वाचलेली बाग अशा रीतीने पुढच्या काही वर्षांत किडीला बळी पडते. कपाटासाठी दोन फळ्या काढून घेताना उर्वरित खोडाची विल्हेवाट लावणे किंवा कुजणाऱ्या ढिगांवर मेटाऱ्हायझियम बुरशीचा वापर करणे, हे कामाचा भाग मानावे.

वजनाचे गणित

चाकांची निवड अंदाजाने करू नये. समजा, रिकामे कपाट ६० किलो आणि प्रत्येकी १२ किलोच्या आठ पेट्या, म्हणजे ९६ किलो. एकूण भार १५६ किलो झाला. चार चाके असली तरी खडबडीत फरशीवर एखादे चाक अधांतरी राहते. म्हणून एकूण भाराला चारने न भागता तीनने भागावे. येथे उत्तर ५२ किलो येते, तेव्हा प्रत्येक चाक किमान ६० ते ७० किलो क्षमतेचे घ्यावे.

सिमेंटच्या साध्या कोब्यावर १०० ते १२५ मिलिमीटर व्यासाची चाके घ्यावीत, लहान चाके खाचेत अडकतात. दोन चाके स्थिर आणि दोन फिरती असावीत व फिरत्या चाकांना ब्रेक असावा. जड पेट्या सर्वांत खाली ठेवाव्यात. कपाटाची उंची त्याच्या तळाच्या अरुंद बाजूच्या दुपटीहून अधिक नसावी. याहून उंच साठवण हवी असेल तर ती चाकांवर न ठेवता पक्की बसवावी. कपाट ओढण्यापेक्षा ढकलणे सुरक्षित असते, म्हणून मूठ कमरेच्या उंचीवर लावावी.

आत काय ठेवावे, काय ठेवू नये

कीटकनाशके, तणनाशके व खतांच्या पिशव्या या कपाटात कदापि ठेवू नयेत. विषबाधेचा धोका उघडच आहे. त्याखेरीज पोटॅशसारख्या क्षारांची धूळ हवेतील ओलावा ओढून घेते आणि पोलादावर गंज चढवते. फवारणी पंपही धुऊन, पूर्ण निथळून व वाळवूनच आत ठेवावा.

लोकरी अस्तराऐवजी फोमचे अस्तर वापरावे, लोकर खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांपासून ते सुरक्षित असते. माहितीपत्रके प्लास्टिकच्या बंद पाकिटात ठेवावीत. मोजमापाच्या यंत्रांच्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी व रंग बदलताच ती तापवून कोरडी करावी. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, त्यामुळे नारिंगी जेल पसंत करावे. डांबरगोळ्या टाळाव्यात. त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते आणि बंद खोलीत ती वाफ आरोग्यासही अपायकारक असते. ड्रोन किंवा पंपाच्या लिथियम बॅटऱ्या यंत्रातून काढून, साधारण अर्ध्या भारित अवस्थेत, वेगळ्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात. बंद कपाटात त्या कधीही चार्ज करू नयेत.

देखभालीचे वेळापत्रक

दर आठवड्याला कपाट सरकवून मागची व खालची जागा झाडावी आणि मातीच्या नळ्या, दाणे किंवा भुकटी आहे का, हे पाहावे. दर महिन्याला सर्व पेट्या उघडून हवा द्यावी, पात्यांना तेलाचा हात फिरवावा व बॅटऱ्या तपासाव्यात. खालच्या कप्प्यात एक चिकट सापळा ठेवून त्यावर तारीख लिहावी. धान्य साठवणीसाठी तमिळनाडू कृषी विद्यापीठाने विकसित केलेला प्रोब सापळाही याच तत्त्वावर चालतो: फिरणारा कीटक आधी पकडावा, म्हणजे प्रादुर्भाव वाढण्यापूर्वीच कळतो. वर्षातून एकदा, पाऊस सुरू होण्याआधी, कपाट पूर्ण रिकामे करून चाकांना वंगण द्यावे व रंग उडालेल्या जागा दुरुस्त कराव्यात. तंजावरमध्ये हे काम सप्टेंबरमध्ये, तर महाराष्ट्रात मे महिन्यात पूर्ण व्हायला हवे.

कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस पेट्यांची यादी चिकटवावी. पेटी कोणी नेली, कधी परत आली आणि परत येताना कोरडी होती का, हे तीन रकाने त्यात असावेत. कापणीच्या दिवसांत रात्री परत आलेला ओलावामापक ओल्या पेटीसकट कप्प्यात सरकवला जातो आणि बिघाडाची सुरुवात तेथेच होते. तिसरा रकाना भरण्याची सवय लागली, की पुढच्या हंगामात पहिल्या पोत्याचा ओलावा बिनचूक मोजला जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते.